प्रश्न कोणाचा, पैसा कोणाचा? आंतरराष्ट्रीय विद्यापीठ भागीदारी समजून घेताना

1992 साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या ब्रिटनच्या भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बांगलादेशातल्या सुमारे 150 कूपनलिकांचं पाणी तपासलं. कितीतरी मूलद्रव्यं मोजली, अहवाल लिहिला. आर्सेनिक मात्र तपासलंच नाही. सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये 1983 पासूनच डॉक्टर मंडळी हातापायांवरच्या डागांवरून आणि जाड झालेल्या कातडीवरून आर्सेनिकची विषबाधा ओळखू लागली होती. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातले संशोधक गावोगावचे नमुने तपासत होते. दोन्हीकडची जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाचीच, आणि पाणी उपसायची पद्धतही तीच. तरी एकीकडचं ज्ञान दुसरीकडे पोचायला आणखी काही वर्षं लागली. पुढे एका बाधित गावकऱ्याने ब्रिटनमध्ये दावा लावला. 2006 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो फेटाळला. त्या गावकऱ्याप्रती संस्थेवर कायदेशीर जबाबदारी येत नाही, असा निकाल लागला.

कायद्याने प्रकरण मिटलं. संशोधनाच्या दृष्टीने मात्र यात शिकण्यासारखं खूप आहे. उपकरणं होती, तज्ज्ञ होते, पैसा होता. फक्त ज्यांना नेमका प्रश्न ठाऊक होता त्यांची आणि ज्यांच्या हातात तपासणी होती त्यांची गाठ पडली नव्हती. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी एकत्र काम का करायचं, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. दोन कुलगुरू हस्तांदोलन करतात, फाइलींची देवाणघेवाण होते, फोटो छापून येतो. तो सामंजस्य करार. त्यात बहुतेक वेळा एक रुपया किंवा डॉलरही बांधलेला नसतो. 'एकत्र काम करण्याची इच्छा आहे' एवढंच तो सांगतो. खरी भागीदारी त्यानंतर, कधीकधी त्याच्याशिवायही, सुरू होते. कुणीतरी निधीसाठी प्रस्ताव लिहितं, तो मंजूर होतो, आणि कोण काय करणार, कोणाला किती रक्कम मिळणार, नमुने कुठे तपासले जाणार, डेटा कोणाकडे राहणार, शोधनिबंधावर कोणाची नावं येणार हे लेखी ठरतं. त्या कागदाचा कुणी फोटो काढत नाही. पण भागीदारीचं भलंबुरं त्याच कागदात असतं.

पर्यावरण आणि अर्थकारण हे दोन विषय या कामात सारखे एकत्र येतात, तेही सहज समजण्याजोगं आहे. पाणी बिघडलं की आजारपण येतं, आजारपण आलं की मजुरी बुडते. पाऊस हुकला की जनावरं मरतात आणि जनावरं हीच बचत असेल तर घरच बसतं. रसायनशास्त्रज्ञ पाण्यातलं विष मोजेल, पण लोक विहीर का बदलत नाहीत हे त्याला कळणार नाही. अर्थशास्त्रज्ञाला लोकांचं वागणं कळेल, पण कोणत्या खोलीवर चांगलं पाणी लागेल हे तो सांगू शकणार नाही. हे सगळं एका विद्यापीठात सापडलं तरी त्या गावाची भाषा, तिथली जमीन आणि तिथली माणसं ओळखणारं कुणीतरी लागतंच.

पुन्हा बांगलादेशाकडे वळू, कारण पुढची गोष्टही तिथलीच आहे आणि ती अधिक आशेची आहे. 1970 च्या दशकापासून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. तळ्यांचं दूषित पाणी पिऊन मुलं हगवणीने दगावत होती, त्यांना वाचवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. जमिनीखाली मात्र वेगळंच घडत होतं. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या संयुगांचा थर असतो आणि आर्सेनिक त्याला चिकटलेलं असतं. जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे सूक्ष्मजीव गाळातला सेंद्रिय भाग खाताना हे लोहाचे थर विरघळवतात. मग आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव.

2000 साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने आणि ढाका विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाने ढाक्याच्या पूर्वेला आराइहाजार भागात काम सुरू केलं. सुमारे 25 चौरस किलोमीटरचा टापू आणि त्यातल्या जवळपास 6,000 कूपनलिका. प्रत्येकीचं पाणी तपासलं आणि तिची जागा उपग्रहाच्या मदतीने नोंदवली. बांगलादेशाची मर्यादा लिटरला 50 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 10. निम्म्याहून अधिक कूपनलिका 50 च्याही वर निघाल्या.

नकाशावर हे ठिपके मांडल्यावर एक गोष्ट दिसली. विषारी आणि सुरक्षित कूपनलिका वेगवेगळ्या पट्ट्यांत नव्हत्या, शेजारीशेजारी होत्या. एका अंगणातली वाईट, पलीकडच्या अंगणातली चांगली. जवळपास 90 टक्के लोकांच्या घरापासून 100 मीटरच्या आत एक तरी सुरक्षित कूपनलिका होती. म्हणजे महागडं शुद्धीकरण यंत्र येईपर्यंत थांबायची गरज नव्हती. शेजाऱ्याकडून पाणी आणलं तरी पुष्कळ काम होणार होतं. चाचणी झाली, लोकांना समजावून सांगितलं, आणि असुरक्षित पाणी पिणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी विहीर बदलली. एवढ्या साध्या उपायाने एवढा बदल झाला, हे वाचताना मला आजही भरून येतं.

हा उपाय भूविज्ञानाने दिला की समाजशास्त्राने? दोघांनी मिळून. आणि ढाका विद्यापीठाच्या लोकांशिवाय तो घडला नसता. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पाणी भरायचं, तर तिथे कोण कोणाशी बोलतं, बाया कुठवर जाऊ शकतात, कोणता शब्द वापरला तर माणूस घाबरून दार लावून घेईल हे आधी माहीत असावं लागतं.

त्याच गावांतल्या जवळपास 12,000 प्रौढांच्या तब्येतीची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. 2010 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. या गटातल्या दर 5 मृत्यूंपैकी सुमारे 1 मृत्यूचा संबंध पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकशी जोडता येत होता. असा निष्कर्ष तीन वर्षांच्या प्रकल्पातून निघत नाही. आर्सेनिक हळूहळू मारतं, तेव्हा त्याचा अभ्यासही तितकाच चिवट असावा लागतो. याचा फायदा एकाच बाजूला झाला असंही नाही. अमेरिकेत मेन आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत खासगी विहिरींमध्ये आर्सेनिक आहे आणि कोलंबियाच्या याच संशोधन गटाने तिथेही काम केलं. ज्ञान फक्त श्रीमंत देशाकडून गरीब देशाकडे वाहतं हा समज इथेच खोटा ठरतो.

बांगलादेशातल्याच मातलब भागात स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठाने ढाका विद्यापीठासोबत केलेलं काम मला याहूनही जवळचं वाटतं. तिथले कूपनलिका खोदणारे कारागीर वर येणाऱ्या वाळूचा रंग पाहून पाण्याचा अंदाज बांधायचे. संशोधकांनी ते गांभीर्याने घेतलं आणि रंगागणिक पाणी तपासलं. काळी-करडी वाळू बहुधा धोक्याची आणि तांबूस वाळू बहुधा सुरक्षित, असं ठरलं. त्यामागचं रसायनशास्त्र वर सांगितलेलंच आहे. वाळू तांबूस असते कारण लोहाचा थर अजून शाबूत असतो, आणि आर्सेनिक त्याला धरून असतं. मग कारागिरांच्याच हाती देता येईल असं रंग जुळवण्याचं साधं साधन तयार झालं. कारागिराच्या नजरेला प्रयोगशाळेने दुजोरा दिला आणि ते ज्ञान परत त्याच्याच हाती गेलं. भागीदारी शब्दाला इथे खरी किंमत येते.

तरी संशोधनाची मर्यादाही इथेच दिसते. 150 मीटरहून खोल गेलं की पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं लागतं. सरकारने अशा खोल कूपनलिका बसवल्या. पण त्यांतल्या बऱ्याच वजनदार मंडळींच्या आवारात गेल्या. आराइहाजारमधल्याच संशोधकांनी नकाशे मांडून हे दाखवून दिलं, ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनेही 2016 साली तेच सांगितलं. विद्यापीठ अन्याय मोजू शकतं, कूपनलिका कुठे बसवायची हे ठरवू शकत नाही.

आता केनियाच्या उत्तर भागात, मार्साबितला जाऊ. इथे पाऊस बेभरवशाचा आणि उंट, गुरं, शेळ्यामेंढ्या हीच संपत्ती. दुष्काळात कळप मरतो आणि कुटुंब अशा गरिबीत कोसळतं की पुन्हा उभं राहता येत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून कॉर्नेल, युटा स्टेट वगैरे अमेरिकी विद्यापीठांचे आणि केनियातल्या संस्थांचे संशोधक इथल्या कुटुंबांची माहिती गोळा करत होते. तेव्हा विम्याची कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती. नुसतं समजून घेणं चाललं होतं.

त्यातून पुढे जो प्रश्न उभा राहिला तो असा: एवढ्या विखुरलेल्या, फिरत्या कळपांचा विमा कसा काढायचा? मेलेलं प्रत्येक जनावर पाहायला माणूस पाठवायचा तर हप्त्यापेक्षा तो खर्चच जास्त. उत्तर आकाशात सापडलं. उपग्रह जमिनीचा हिरवेपणा टिपतात. कुरण किती सुकलं की किती जनावरं दगावतात याचा संबंध जुन्या माहितीवरून बांधता येतो. ठरावीक पातळीपेक्षा हिरवळ खाली गेली की भरपाई द्यायची, जनावर पाहायला जायची गरजच नाही. जानेवारी 2010 मध्ये मार्साबितला हा विमा सुरू झाला. त्याचं नेतृत्व नैरोबीतल्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेतले अँड्र्यू मुडे करत होते. ते मूळचे केनियाचे, डॉक्टरेट कॉर्नेलची. 2016 साली त्यांना याच कामासाठी नॉर्मन बोरलॉग पुरस्कार मिळाला.

विमा विकायला काढण्याआधी संशोधकांनी पशुपालकांसोबत खेळ खेळले. लुटुपुटूचा कळप, लुटुपुटूचा दुष्काळ, हप्ता भरायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. पाऊस चांगला झाला तर हप्ता परत मिळत नाही, हे खेळताना जेवढं चटकन पटतं तेवढं भाषणातून पटत नाही. 2011 च्या भीषण दुष्काळात पहिल्यांदा भरपाई मिळाली. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की विमा असलेल्या कुटुंबांवर पडत्या भावात जनावरं विकायची किंवा जेवण कमी करायची पाळी कमी आली.

पण अडचणीही होत्या आणि त्या लपवल्या गेल्या नाहीत, याचं मला कौतुक वाटतं. उपग्रहाला हिरवं दिसतं आणि एखाद्याची जनावरं मात्र मेलेली असतात. सरासरीवर चालणाऱ्या विम्याचा हा अंगभूत दोष आहे, तो कमी करता येतो, पूर्ण जात नाही. लोकांनी आणखी एक विचारलं: जनावर मेल्यावर पैसे देऊन काय उपयोग? आधी द्या, चारा घेऊ. म्हणून पुढे रचना बदलली आणि कुरण सुकू लागतानाच पैसे देण्याची सोय झाली. मुस्लिमबहुल वजीर भागात व्याज आणि जुगाराबद्दलचे धार्मिक आक्षेप लक्षात घेऊन 2014 पर्यंत शरियतला धरून असलेली आवृत्ती आली. 2015 पासून केनिया सरकारने निवडक कुटुंबांचा हप्ता स्वतः भरायला सुरुवात केली. विद्यापीठातल्या एका कोष्टकापासून सरकारी योजनेपर्यंतचा हा प्रवास सुमारे दीड दशकाचा आहे.

दीड दशक धीर कोण धरतो? इथे पैशाचा विषय निघतो, आणि माझ्या मते खरं पाणी इथेच मुरतं. बहुतेक निधी श्रीमंत देशांच्या संस्थांकडून येतो आणि आधी तिथल्याच विद्यापीठाच्या खात्यात जमा होतो. ते विद्यापीठ मग परदेशी भागीदाराला उपअनुदान देतं. प्रस्ताव मागवल्यापासून मुदत संपेपर्यंत हाती फार तर काही महिने. त्यात विषय, पद्धत, अंदाजपत्रक सगळं श्रीमंत देशातल्या विद्यापीठात ठरतं आणि शेवटच्या आठवड्यांत गरीब देशातल्या ओळखीच्या प्राध्यापकाला निरोप जातो: सहीचं पत्र पाठवा. प्रश्न कोणी ठरवला, याचं उत्तर तिथेच मिळून जातं. स्वित्झर्लंडच्या विकसनशील देशांसोबतच्या संशोधन भागीदारी आयोगाने 11 तत्त्वं मांडली आहेत. त्यांतलं पहिलंच तत्त्व विषय एकत्र बसून ठरवा असं सांगतं. ते पहिल्या जागी आहे ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट अप्रत्यक्ष खर्चाची. प्रकल्प चालवायला वीज, इमारत, हिशेबनीस, ग्रंथालय, इंटरनेट लागतं. हा खर्च प्रकल्पाच्या रकमेवर टक्केवारीने मिळतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांचे वाटाघाटीने ठरलेले दर अनेकदा 50 टक्क्यांच्या वर असतात. परदेशी संस्थांना मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानात वर्षानुवर्षं 8 टक्क्यांची मर्यादा होती. युरोपीय संघाच्या होरायझन या संशोधन निधीच्या कार्यक्रमात सर्वांना सरसकट 25 टक्के मिळतात, तो नियम मला अधिक न्याय्य वाटतो. अप्रत्यक्ष खर्च कमी मिळाला की काय होतं? नमुने गोळा करायला गाडी मिळते, पण नमुने साठवायचा फ्रीझर चालू ठेवायला विजेचे पैसे नसतात. मग नमुने विमानाने परदेशी जातात आणि विश्लेषणाचं कौशल्यही तिकडेच वाढतं. पुढच्या प्रस्तावात पुन्हा लिहिलं जातं की स्थानिक क्षमता अपुरी आहे. हे दुष्टचक्र कुणाच्या दुष्टपणामुळे चालत नाही, हिशेबाच्या नियमांमुळे चालतं. म्हणूनच ते नियम बदलून थांबवता येतं.

परक्या देशात यायचं, माहिती गोळा करायची, निघून जायचं आणि निबंध छापायचा, याला हेलिकॉप्टर संशोधन म्हणतात. गरज सरो वैद्य मरो, हा व्यवहार. 2021 साली प्रवाळभित्तींवरच्या प्रकाशनांची एक पाहणी झाली. इंडोनेशिया आणि फिलिपीन्समधल्या प्रवाळांवरच्या कितीतरी निबंधांत यजमान देशातला एकही लेखक नव्हता. इंडोनेशियाने 2019 च्या कायद्याने परदेशी संशोधकांवर परवाना आणि स्थानिक भागीदाराची अट घातली. वनस्पती, जीवाणू, बियाणं यांसाठी नागोया करार आहे. तो 2010 साली झाला आणि ऑक्टोबर 2014 पासून लागू आहे. दुसऱ्या देशाची जैविक संपत्ती वापरायची तर आधी त्या देशाची संमती घ्या आणि फायद्यात वाटा द्या, हा त्याचा गाभा. परवान्यांनी कामाला उशीर होतो अशी संशोधकांची तक्रार असते आणि तीही खरी आहे. तरी उशीर आणि लूट यांत निवड करायची वेळ आली तर मी उशीर निवडेन.

सगळं नीट जमलं तरी एक धोका कायम राहतो. पैसा देणारा देश हात आखडता घेऊ शकतो. ब्रिटनने 2016 ते 2021 या काळासाठी 1.5 अब्ज पौंडांचा ग्लोबल चॅलेंजेस रिसर्च फंड उभा केला होता. विकसनशील देशांच्या अडचणींवरचं संशोधन हाच त्याचा हेतू. मग परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणायचं ठरलं आणि मार्च 2021 मध्ये ब्रिटनमध्ये संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने कळवलं की दिलेली वचनं आणि हाती असलेला पैसा यांत 12 कोटी पौंडांची तफावत आहे. चालू प्रकल्पांचे पैसे अर्ध्यावर कापले गेले. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएड या आपल्या परकीय मदत संस्थेचा कारभार गुंडाळायला घेतला, तेव्हा त्याच पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांमधल्या शेती संशोधनाच्या बहुतेक प्रयोगशाळांना काम थांबवण्याचे आदेश गेले. इलिनॉय विद्यापीठातली, आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी सोयाबीनवर काम करणारी प्रयोगशाळा 2013 पासून चालू होती, तिलाही बंद करत असल्याचं जाहीर करावं लागलं. शेतीतल्या चाचणीचा एक हंगाम चुकला की पैसे नंतर मिळाले तरी तो परत आणता येत नाही. आणि शब्द मोडल्याची झळ लंडन किंवा वॉशिंग्टनला बसत नाही. जो स्थानिक प्राध्यापक स्वतःची पत लावून गावकऱ्यांना 'हे लोक पुढच्या वर्षीही येतील' असं सांगून आलेला असतो, त्याला ती बसते.

म्हणून काही जण व्यवस्थाच बदलू पाहतायत. आफ्रिकेतली संशोधन विद्यापीठं 2015 साली एका संघटनेत एकत्र आली. 2023 साली तिने युरोपातल्या विद्यापीठांच्या 'द गिल्ड' या संघटनेबरोबर संशोधन समूह जाहीर केले, ज्यांत आफ्रिकी आणि युरोपीय विद्यापीठं संयुक्तपणे नेतृत्व करतात. त्याच वर्षी नामिबियाची राजधानी विंडहोकमध्ये 'आफ्रिका चार्टर' ही सनद जाहीर झाली. विषय, पैसा आणि ज्ञानाची मालकी यांतला तोल बदला, ही तिची मागणी.

तेव्हा अशा भागीदारीची पुढची बातमी वाचाल, तेव्हा करारावरच्या सह्यांपेक्षा इतर गोष्टी शोधा. प्रकल्पाचा प्रमुख संशोधक एकच आहे की दोन? डॉक्टरेट करणारे विद्यार्थी कोणत्या देशातले, आणि त्यांना पदवी कोणतं विद्यापीठ देणार? मुदत तीन वर्षांची आहे की त्या जागी आधीपासून काम चालू आहे? आणि रक्कम कशी वाटली गेली? शेवटचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. युरोपीय संघाच्या प्रकल्पांसाठी 'कॉर्डिस' ही खुली नोंदवही आहे. तिथे प्रकल्पाचं नाव टाकलं की प्रत्येक सहभागी संस्थेच्या नावापुढे तिला संघाकडून मिळालेली रक्कम दिसते. तो तक्ता उघडा आणि ज्या देशाचा प्रश्न सोडवायला प्रकल्प निघाला आहे, त्या देशाच्या विद्यापीठापुढचा आकडा आधी वाचा.